डफड्याचा सूर आणि ऐकणाऱ्याचा कान

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगीत नाही. त्यामुळे आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून एका तरुण मित्रानं विचारलं, "सर, डफड्यात तत्त्वज्ञान कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तराला वेळ लागेल, पण सुरुवात इथूनच, केळापुरातून करता येते.

पोळ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. श्रावणातली अमावस्या. काळ्या जमिनीनं पाणी पिऊन घेतलेलं, हवा ओली, कपाशी उभी. बैल सजून तोरणाखाली यायचे आहेत, झडत्या म्हणणारे घसा साफ करताहेत. आणि गर्दीच्या जरा बाहेर चार माणसं जाळाभोवती उकिडवी बसलेली असतात. गेल्या हंगामातल्या वाळक्या पऱ्हाट्या, तुराट्या, मूठभर गवत यांचा तो जाळ. त्यांच्या हातात डफडी. कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं ते जाळासमोर धरतात, फिरवतात, बोटानं टिचकी मारतात, कान लावतात, पुन्हा धरतात. एका क्षणी थांबतात. म्हणजे डफडं लागलं.

आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे, की ते थांबतात तेव्हा त्यांनी काय ऐकलेलं असतं? समोर तंबोरा नाही, पेटी नाही. मग "झालं" हे कशावरून ठरतं? आणि दुसरा, जरा अवघड प्रश्न. वाद्य सुरात लावण्याचा एवढा मोठा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला, त्यात या चार माणसांचा कान का नाही?

आधी लिहिलेला इतिहास पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांची, म्हणजे चामड्यानं मढवलेल्या वाद्यांची, एक जन्मकथा आहे. स्वाती नावाचे मुनी पावसाळ्यात अनध्यायाच्या दिवशी पाणी आणायला तळ्यावर गेले. पाऊस कोसळत होता. कमळाच्या लहान, मध्यम, मोठ्या पानांवर थेंब पडत होते आणि प्रत्येक पानाचा आवाज वेगळा येत होता. मुनींनी तो कानात साठवला, आश्रमात आले आणि विश्वकर्म्याच्या मदतीनं वाद्यं घडवली. आता ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यात काय सांगितलंय ते ध्यानात घ्या. वाद्याच्या आधी कान आला. पानाचा आकार बदलला की आवाज बदलतो, हे आधी ऐकलं गेलं, मग हात चालले.

पुढे भरत लावण्याचं तंत्र सांगतो. त्याला मार्जना असा शब्द आहे. मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी अशा तीन मार्जना तो देतो, आणि कोणत्या मार्जनेत वाद्याचं कोणतं तोंड कोणत्या स्वरात लावायचं तेही सांगतो. लावायचं कशानं? मातीनं. कातड्यावर ओल्या मातीचा लेप द्यायचा. माती कशी हवी, तर खडे नकोत, वाळू नको, गवत नको, तूस नको. नदीकाठची काळी मऊ माती चांगली. आमच्यासारख्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वाचताना गंमत वाटते. शेतकरी ढेकूळ बोटांत चुरडून पाहतो तसंच हे पाहणं आहे. हे लिहिणाऱ्यानं मातीत हात घातलेल्या कोणाला तरी विचारलेलं असणार, एवढं नक्की वाटतं.

तिथून आपल्याच मुलखात या. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ पुढच्या सगळ्या संगीतशास्त्राचा पाया ठरला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात पटह, मर्दल, हुडुक्का यांची वर्णनं आहेत, आणि मर्दलाच्या तोंडावर भात आणि राख मळून केलेला लेप द्यायला सांगितलं आहे. त्या लेपाचं नाव बोहण. भरताची माती गेली, भात आला, पण युक्ती तीच राहिली. कातडं नुसतं ताणून भागत नाही, त्याला वजन द्यावं लागतं.

ही युक्ती आजही तुम्ही पाहता. कीर्तनाला पखवाज निघाला की पखवाजी आधी कणीक मागतो. मळलेली कणीक डाव्या पुडीवर थापतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा पाहतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर घुमारा येत नाही. आणि उजवीकडे, तसंच तबल्यावर, कायमची शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचा थरावर थर द्यायचा आणि प्रत्येक थर दगडानं घोटायचा. तबला लावताना मोठा फरक गठ्ठ्यांनी करतात, बारीक फरक गजऱ्यावर हातोडी मारून. वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. पुडीच्या कडेची सोळा घरं सारखी बोलली पाहिजेत. एक घर जरी चढं राहिलं तरी जाणत्या कानाला खडा लागल्यासारखं होतं. उस्ताद अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते, तेव्हा मराठी रसिकांना तबल्याचा आवाज हीच एक ऐकण्याची गोष्ट आहे असं कळू लागलं. पद आणि ताल यांच्या बरोबरीनं लोक नुसत्या नादाला दाद देऊ लागले.

या सगळ्यामागचं भौतिकशास्त्र सांगितलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. कलकत्त्यात असताना १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात एक टिपण छापलं, आणि १९३४ साली त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. मुद्दा असा. तार छेडली की मुख्य स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर निघतात. ते एकमेकांशी जुळतात, म्हणून कानाला एकच स्पष्ट स्वर ऐकू येतो. साध्या गोल कातड्याचं तसं नाही. त्याचे वरचे नाद मुख्य नादाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे अडनिडे येतात. ते जुळत नाहीत, म्हणून स्वर ठरत नाही. पण मधोमध शाईचं वजन दिलं की हे अडनिडे नाद सरकून तारेसारखे जवळजवळ पूर्णांकात येतात. रामन यांनी कातड्यावर वाळू पसरून तिच्या रेघा पाहिल्या, आणि मृदंग-तबल्यात असे पाच जुळणारे स्वर मिळतात असं दाखवलं. गणिताची मदत न घेता कारागिरांनी हे साधलं होतं, कानानं.

इथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे, आणि आम्हीही तो वर्गात अभिमानानं सांगत आलो. पण त्याची दिशा पाहा. माती, भात, कणीक, शाई, सगळं चाललंय कुठे? तर चामड्याला स्वराजवळ न्यायला. वाद्य जितकं षड्जाला मिळेल तितकं ते मोठं. या मापानं मोजलं तर आमचं डफडं कुठे बसतं? त्याला शाई नाही, लेप नाही. रामन यांच्या आकड्यांत ते १.५९ वाल्या रांगेत उभं राहतं. स्वर नाही, म्हणून त्याला लावणं नाही, आणि त्याचा आवाज म्हणजे गोंगाट. असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण आम्ही तसंच मानत होतो, हे आज कबूल करायला हवं.

एक घडलेली गोष्ट सांगतो. साठीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नागपूरला शिकत होतो, तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि डोक्यात हवा होती. पोळ्याला गावी आलो. जाळाभोवती बसलेल्या म्हाताऱ्या डफडेवाल्याजवळ जाऊन ऐटीत विचारलं, "कोणत्या स्वरात लावतोस?" तो हसला. म्हणाला, "सूरबीर आमाले नाई मालूम, बापू. वेशीपासून तोरनापर्यंत बोल फुटला पायजे, आन् बैल बुजला नाई पायजे. तुमी थांबा, आयका." त्यानं डफडं जाळावरून काढलं आणि दोन वेळा वाजवलं. एकदा लगेच, आणि एकदा थोडं थांबून, हवेत धरून. पहिला आवाज टणक आणि कोरडा होता, कानात घुसणारा. दुसरा तेवढाच स्पष्ट, पण त्याला खाली पोट होतं. तो म्हणाला, पहिल्यानं बैल बुजतो, आणि गारव्यात गेल्यावर थोड्या वेळानं दुसरा राहतो, म्हणून हात तिथं थांबवायचा असतो. म्हणजे त्या माणसाला आत्ताचा आवाज ऐकू येत होताच, पण पाव तासानंतरचाही ऐकू येत होता. ओल्या हवेत कातडं किती सैल पडेल, याचा हिशेब तो टिचकीत करत होता.

त्या दिवशी आम्हाला एवढंच वाटलं की म्हातारा मजेदार आहे. लक्षात यायला वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली ही, की तोही वाद्य लावतच होता. तबलजी वाद्य स्वराला मिळवतो. हा माणूस वाद्य वेशीला, हवेला, बैलाच्या कानाला मिळवत होता. जुळवायची गोष्ट वेगळी होती, पण कानाचं काम तितकंच बारीक होतं. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. आमच्या आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला आम्ही "तू" म्हटलं होतं. आणि तो आम्हाला, मिसरूड फुटलेल्या पोराला, "तुमी" म्हणत होता. त्याला आम्ही त्याच्या जातीच्या नावानंच ओळखत होतो. नाव विचारावं, हे सुचलंच नव्हतं.

इथं आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, थोडा संबंध येतो. न्यायशास्त्र शिकायला सुरुवात करणारा विद्यार्थी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचतो. त्यात शब्दाचे दोन प्रकार सांगितलेत. एक वर्णरूप, म्हणजे भाषेचा. दुसरा ध्वनिरूप, आणि त्याचं उदाहरण काय, तर भेरी, म्हणजे नगारा. वर्गीकरण म्हणून त्यात चूक काही नाही. पण वर्षानुवर्षं ते शिकवताना आमच्या मनात एक गोष्ट मुरत गेली, की भाषा बोलते आणि नगारा नुसता वाजतो. आणि ज्याचं वाद्य नुसतं वाजतं त्याला सांगण्यासारखं काही नसतं, हे पुढचं पाऊल मनानं न विचारता टाकलं. ते पाऊल तर्काचं नव्हतं. ते गावाच्या रचनेचं होतं.

गावाची रचना तुम्हाला माहीत आहे. मेलेलं जनावर ओढणं, कातडं कमावणं, वाद्य मढवणं, दवंडी देणं, लग्नात आणि मयतात पुढे वाजवणं ही कामं ठरावीक जातींवर लादलेली होती. आपल्याकडे डफडं मुख्यतः मातंग समाजाच्या हातात होतं, काही कामं महार समाजाकडे. देवळात देवीपुढे सूर पोचायचा, वाजवणारा बाहेर थांबायचा. शास्त्रीय वाद्यांतही हा दुरावा होताच. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, 'सेबॅस्टियन अँड सन्स'. तंजावर-चेन्नईकडच्या मृदंगकर्त्या घराण्यांची ती हकीकत आहे. मोठमोठ्या वादकांचा नाद ज्यांच्या हातांनी आणि कानांनी घडला, ते बहुतेक दलित कारागीर, आणि त्यांची नावं मैफलीच्या पत्रिकेत कधी आली नाहीत. रामन यांनीही कौतुक केलं ते प्राचीन भारतीयांचं. कातडं ताणणारा समोर बसलेला माणूस त्या कौतुकात धूसरच राहिला.

आता जो भाग सांगायचा आहे तो नीट ऐका, कारण इथं हळहळणारी माणसं हमखास चुकतात, आणि आम्हीही चुकलो होतो. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा, अपमानाची कामं सोडा असं आवाहन केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी गावांत लोकांनी वाजवण्याची सक्तीची कामं टाकली. मातंग समाजातही पुढच्या पिढीनं अनेक ठिकाणी डफडं खाली ठेवलं. आम्ही ज्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली त्याच्या नातवानं ते ठेवलं. तो शिकला, नोकरीला लागला. बऱ्याच वर्षांनी भेट झाली, तेव्हा आम्ही मोठ्या रसिकतेनं म्हटलं, "तुमच्या आजोबांचा कान काय होता! तुम्ही ते शिकायला हवं होतं." तो शांतपणे म्हणाला, "सर, वाजवलं नाही तर धान्य मिळत नव्हतं. तुम्हाला आवाज आठवतो. आम्हाला त्यानंतर कुठं बसवायचे ते आठवतं."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. नाद सुंदर होता हे खरं. तो नाद ज्या नात्यात निघत होता ते नातं नीच होतं, हेही खरं. दोन्ही सत्यं एकाच डफड्यात आहेत. पहिलं वाचवण्यासाठी दुसरं चालू राहू द्या, असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. नादाची आवड हा काही त्याला अपवाद नाही.

पण इतिहास तिथंच थांबला नाही. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. सक्तीचं वाजवणं नाकारणाऱ्या चळवळीतच ढोलकी आणि डफ पुन्हा हातात आले, या वेळी स्वतःच्या मर्जीनं आणि स्वतःचे शब्द घेऊन. आणि आपल्या दाराशी पाहा. पांढरकवड्याहून हमरस्त्यानं पाटणबोरी ओलांडली, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिकडे याच जातीच्या वाद्याला डप्पू म्हणतात, आणि तोही जाळावरच लावतात. १९९४ साली आंध्र प्रदेशात मादिगा समाजानं आरक्षणाच्या वाटणीसाठी आंदोलन उभं केलं, ते दंडोरा या नावानं ओळखलं गेलं. दंडोरा म्हणजे आपली दवंडी. जी सक्तीची चाकरी होती तिचंच नाव त्यांनी मागणीला दिलं. पुढे तेलंगणाच्या आंदोलनातही डप्पू सगळीकडे घुमला. कातडं तेच, जाळही तोच. पण आता ते कोणासाठी तापवायचं, हे वाजवणारा ठरवत होता.

आपल्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांत दिवाळीच्या दिवसांत दंडार होते, तिथं तर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. तिथं ढोल गावाच्या चाकरीचा नाही, आपल्याच नाचाचा आहे. वाजवणारे आणि नाचणारे एकाच अंगणातले. ढोल लागला की नाही हे नाचणाऱ्यांच्या पायांवरून कळतं, आणि पाय अडले तर वाजवणारा थांबून पुन्हा ताण पाहतो. तिथं दाद देणारा तिसरा माणूस लागतच नाही.

आता नवी गोष्ट. अमेरिकेत १९५० च्या दशकात ढोलांना प्लास्टिकचा पडदा बसवायला सुरुवात झाली. आज आपल्या मिरवणुकांतही कातड्याच्या जागी तो पडदा आणि कड्याला नट-बोल्ट दिसतात. पाना फिरवला की झालं. पावसात भिजला तरी सैल होत नाही. काही जण नाकं मुरडतात, म्हणतात आवाजात जीव नाही. आवाज पातळ आहे, हे आमच्याही कानाला जाणवतं. पण ज्याच्या हाताला मेलेल्या जनावराचा संबंध नको आहे, त्याला तो पडदा सोयीचा आहे, तर ती तक्रार आपण जपून करावी. आणि पाना हातात आला म्हणून कान लागत नाही, असं नाही. आठही बोल्ट सारखे बोलतात की नाही, हे आजचा पोरगाही टिचकी मारूनच पाहतो. कान वाकवण्याची ती ढब आम्ही ओळखतो. ती जाळाजवळची आहे.

शेवटाकडे येतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना नगाऱ्याचा दृष्टांत देतात. नगारा वाजत असताना बाहेर पसरलेले नाद पकडता येत नाहीत. ते पकडायचे तर नगारा धरावा लागतो, नाही तर तो वाजवणारा. आम्ही हा दृष्टांत तीस वर्षं शिकवला, आणि त्याचा अर्थ नेहमी आत्म्याकडेच नेला. तो अर्थ बरोबरच आहे. पण म्हातारपणी वाटतं, की त्यातलं साधं विधानही एकदा सरळ घ्यावं. नाद हवा असेल तर वाजवणाऱ्यापर्यंत जावं लागतं. आपण लिहिलेल्या इतिहासानं नाद जपला, स्वर जपला, मार्जना आणि लेप जपले. वाजवणाऱ्यापर्यंत तो फारसा गेला नाही.

तर मंडळी, पुढच्या पोळ्याला जाळाभोवती कोणी बसलेलं दिसलं तर जवळ जा. आधी नाव विचारा आणि "तुम्ही" म्हणा. मग डफडं कधी लागलं ते कसं कळतं, हे विचारा, आणि ते सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका. आणि जाळ नसेल, त्या जागी कोणी बसलेलंच नसेल, तर उगाच हळहळू नका. कुणीतरी स्वतःच्या मर्जीनं उठून गेलं असेल. आमच्या म्हाताऱ्याचं नाव आम्ही त्याच्या नातवाला पुढे विचारलं, आणि त्यानं सांगितलं. ते इथं जाहीर करायचं नाही, असंही सांगितलं. म्हणून करत नाही. पण आता ते आम्हाला ठाऊक आहे.